अंगात आलं आ-हाइच्या!

नाही, पण मी म्हणते, देव्हाऱ्यात बसून देवाला सगळं दिसतं ना? मग मी कशी दिसले नाही? अख्खं वर्ष त्याच्या नाकासमोर गुडघे टेकून बसलेली, धुतल्या कपड्यातली, लसूणसुद्धा सोडलेली, समाजशास्त्र शिकलेली चांगली मुलगी त्याला दिसत नाही, आणि मागच्या दारानं गॅसची रिकामी टाकी न्यायला आलेला माणूस बरा दिसतो! आणि कसला माणूस? तोंडात सुपारीचा तोबरा, पायात दोन वेगवेगळ्या चपला, लक्ष सगळं फोनवरच्या बेसबॉलकडे... अंगात आलं कुणाच्या? आ-हाइच्या!

आ-हाइ म्हणजे माझा आतेभाऊ. बाजारात मासळीच्या गोळ्यांचं सूप विकतो, आणि जोडीला गावात गॅसच्या टाक्या पोचवतो. सूप चांगलं असतं, ते मी नाकारत नाही. पण सूप चांगलं असणं आणि अंगात देव येणं यांचा काही संबंध आहे का? तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगते, आमच्या गावचा देव म्हणजे तिसरा राजकुमार. देव खरा, पण पोर. हातात भाला, पायाखाली आगीची चाकं, आणि नैवेद्याला लॉलीपॉप. ज्याच्या अंगात येईल तो भले आजोबा असो, बोबडं बोलणार, चोखणी चोखणार, नाही म्हटलं की पाय आपटणार. आणि आमचं गाव त्याला विचारल्याशिवाय शिंकत नाही हो! घराचं दार कुठल्या बाजूला काढू? विचार राजकुमाराला. गुडघ्याचं ऑपरेशन करू? विचार राजकुमाराला. वर्षानुवर्षं तो कोक काकांच्या अंगात यायचा. काका वारले. देव राहिला, तोंड गेलं. गावाची नुसती पंचाईत!

आणि मला ते तोंड हवं होतं. हो, हवं होतं, लाजायचं काय त्यात? का हवं होतं ते ऐका. शहरातली एक कंपनी आली आणि म्हणाली, तुमची माशांची तळी आम्हाला वीस वर्षांच्या करारानं द्या, आम्ही ती बुजवतो आणि वर सौर पट्ट्या मांडतो, तुम्ही घरी बसून भाडं खा. आता सूर्याशी माझं काही भांडण नाही. छपरांवर मांडा, शाळेवर मांडा, देवळावर मांडा! पण दूधमाशांची तळी बुजवायची? हिवाळ्यात तिथं बगळे उतरतात, त्या तळ्यांवर आमच्या पणज्यांची हाडं झिजली, आणि ती बुजवायची? मी गावकीच्या सभेत उभी राहिले. कर्णा घेऊन बोलले. घसा फुटेस्तोवर बोलले. समोर सगळे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले. माझं संपलं, तर पहिल्या रांगेतून माझी आत्या, म्हणजे या आ-हाइची आई, म्हणते कशी, "छान बोललीस हो आ-निंग. आता लग्नाचं काय ते बोल."

दर सभेला हेच! भूजल म्हटलं की लग्न. बगळे म्हटलं की लग्न. कुणी ऐकेचना. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की हे गाव माणसाचं ऐकत नाही, देवाचं ऐकतं. मग माझ्या तोंडून देवच बोलू दे ना! त्याचाही प्रश्न सुटला, माझाही.

लागले तयारीला. मांस सोडलं, मासे सोडले... मासळीच्या गावात मासे सोडणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. देवळात विचारायचे ते लाकडी चंद्रकोरीचे दोन तुकडे असतात ना, एक उताणा एक पालथा पडला की हो, दोन्ही पालथे पडले की नाही, आणि दोन्ही उताणे पडले की देव हसतोय. मी विचारलं, "राजकुमारा, माझ्या अंगात येशील?" टाकले. हसला. म्हटलं, नीट विचारते, "महाराज, या लेकीला आपली मानाल का?" हसला. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला, "अरे, यात हसण्यासारखं काय आहे?" दोन्ही उताणे! एक तर डुलत डुलत माझ्या पायाशी आला. बाजूच्या म्हाताऱ्या पदरात... पदर कुठला आमच्यात, हातरुमालात तोंड खुपसून खुसखुसतायत!

मग राजकुमाराचा वाढदिवस आला. नवं तोंड निवडायचं म्हणून देव्हाऱ्यासमोर बाकं मांडली, आम्ही इच्छुक ओळीनं बसलो. ढोल सुरू, झांजा सुरू, धूप इतका की शेजारचा दिसेना. मी डोळे मिटून मन रिकामं करत्येय. माझ्या उजव्या पायात काहीतरी सळसळलं... वर चढायला लागलं... आला! म्हटलं, आला! आणि डोळे उघडून बघते तर मुंग्या. पाय आखडून मुंग्या आल्या होत्या हो! तेवढ्यात मागच्या दारानं हा बाबा आला, "कुणाची टाकी रिकामी झालीय?" एवढं म्हणाला, आणि टाकी हातातून सुटली, डोळे फिरले, आणि शंभर किलोचा माणूस एका पायावर लंगडी घालत देव्हाऱ्यापाशी! अंगठा तोंडात! आवाज चार वर्षांच्या पोराचा, "माझा लॉलीपॉप कुनी खाल्ला?" सगळं देऊळ आडवं. लोक रडतायत, फटाके फुटतायत, आमचे लिम आजोबा, म्हणजे देवळाचे कारभारी, स्वतःच्या हातानं त्याला लाल अंगरखा बांधतायत, आणि मी एका पायावर मुंग्या झटकत उभी. अंगात आलं कुणाच्या? आ-हाइच्या!

तुम्ही म्हणाल, एक देव नाही आला, दुसरा बघ. बघितला! माझी मैत्रीण आहे हुई-एन, ख्रिस्ती आहे. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना करता करता माणसाला अशी भाषा फुटते, जी त्यानं कधी ऐकलेली नसते. पवित्र आत्मा बोलतो म्हणतात. मी गेले. इतक्या मायेची माणसं, काय सांगू! पाद्री म्हणाले, "ताई, काही करू नका, फक्त वाट मोकळी करा." केली मोकळी. माझ्या डावीकडच्या आजीला भाषा फुटली, उजवीकडच्या बँकेतल्या बाईंना फुटली, पुढच्या ओळीतला टॅक्सीवाला घळाघळा रडत गायला लागला, अंगावर काटा येईल असं. मला काय फुटलं? घाम. आणि दुपारच्या जेवणाची ऑर्डर घेऊन सुपाचा हंडा आणला कुणी? बरोब्बर! हंडा दारात ठेवला आणि त्याला भाषा फुटली. पाद्रीबुवा गहिवरून माझ्याकडे वळतायत, "हे आपले कोण?" कोण म्हणून सांगू? सूपवाला म्हणून सांगू?

तरी मी हरले नाही. पूर्व किनाऱ्याला आमिस आदिवासींच्या गावात आत्म्यांशी बोलणाऱ्या सावमा आजी म्हणून आहेत. त्यांच्या पूर्वजांचे आत्मे माणसाला एका धाग्यानं धरतात. दिसत नाही तो धागा, पण सावमा आजींच्या बोटांना लागतो. इतक्या लांब जायचं तर गाडी पाहिजे, आणि आमच्या घराण्यात गाडी आहे कुणाकडे... जाऊ दे. त्याला मी निक्षून सांगितलं, "गाडीतून उतरायचं नाही. खिडकीची काच खाली करायची नाही." "बरं गं बाई," म्हणाला आणि तिथंच घोरायला लागला. सावमा आजींनी माझ्याभोवती हवेत बोटं फिरवली. डोक्याशी, खांद्यांशी, तळहातांशी. कितीतरी वेळ. मग थबकल्या. मी श्वास रोखला. त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं होतं! दोन बोटांच्या चिमटीत काही धरल्यासारखं करून त्या हळूहळू चालायला लागल्या... माझ्या बाजूनं... मला ओलांडून... अंगणातून... थेट गाडीपर्यंत! काचेवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "हा कुणाचा मुलगा? याला तर सगळीकडून ओढतायत!"

ते अंग आहे की धर्मशाळा? या देवा, बसा पूर्वजांनो, उतरा पवित्र आत्मा, सगळ्यांची सोय होईल, सूप घेणार का? आणि मी? मला साधं भूतसुद्धा झपाटेना! येताना गाडीत मी तोंड फिरवून बसले, तर हा म्हणतो, "आ-निंग, खरं सांगू? मला काही कळत नाही त्यातलं. झोपेतून उठल्यासारखं होतं आणि पाठ दुखते. तुला हवं असेल तर घेऊन जा ना." घेऊन जा! जसा काही छत्रीच देतोय!

आता खरी गंमत ऐका. राजकुमार तर आला, पण बोलतो ते कळतं कुणाला? एक तर बोबडं, त्यात तोंडात चोखणी. देवाचं बोलणं गावाला समजावून सांगायला देव्हाऱ्यापाशी एक माणूस उभा असतो. लिम आजोबा उभे राहून बघत होते, घाम पुसत होते, "देव म्हणतात... देव म्हणतात... जरा थांबा हं." आणि मला मात्र शब्दन् शब्द कळत होता! का नाही कळणार? समाजशास्त्र शिकून मला नोकरी कुठं मिळाली माहितीये? पाळणाघरात! दिवसभर वीस बोबड्या पोरांचा दरबार सांभाळते मी. न राहवून बोलून गेले, "अहो आजोबा, तो म्हणतोय, अंगरखा टोचतोय." राजकुमारानं टाळ्या पिटल्या, सगळ्या देवळासमोर चिकट लॉलीपॉप माझ्या केसांत खुपसला, आणि झाली नेमणूक. म्हणजे बघा, गाणारा तो, आणि मी माईक पुसणारी!

मग तो दिवस आला. कंपनीचे लोक कागद घेऊन यायचे होते, त्याच्या आदल्या सकाळी गाव देवळात जमलं. लिम आजोबांनी हात जोडून विचारलं, "राजकुमार, तळी द्यायची की ठेवायची?" एकही बी फुटत नव्हती. आणि सगळे बघतायत कुणाच्या तोंडाकडे? माझ्या! आयुष्यात पहिल्यांदा! माझ्या जिभेवर सगळं भाषण तयार, भूजल, बगळे, वीस वर्षांचा करार... आ-हाइ देवळाच्या फरशीवर मांडी घालून बसलेला, चोखणी चोखतोय. त्यानं चोखणी काढली, माझ्याकडे बघितलं, ओठ काढले, आणि म्हणाला, "मग माशे कुथं झोपतील?"

बास. एवढंच.

मी गावाकडे वळले. भाषण गिळलं. म्हटलं, "देव विचारतायत... मग मासे कुठं झोपतील?"

काय झालं म्हणून सांगू! माझी आत्या, जिनं तीन वर्षं मला लग्नावरून छळलं, ती हुंदके देऊन रडायला लागली. जन्मभर मासे मारलेले बाप्ये डोळे पुसतायत. माझे बाबा नाक शिंकरतायत. तिथल्या तिथं सगळ्यांनी ठरवलं, एकही तळं द्यायचं नाही! आणि मी उभी, आणि आनंद व्हायचा सोडून नुसती जळतेय. तीन वर्षं! तीन वर्षं मी आकडे मांडले, कर्णा फुंकला, आणि हे एवढंसं वाक्य मला सुचू नये? देव अंगात आला नाही याचा हेवा एक वेळ गिळला असता हो. त्या वाक्याचा हेवा कसा गिळू?

तेवढ्यात आ-हाइ भानावर आला. "आई गं, पाठ! काय म्हणालो मी?" सांगितलं. तर याचा चेहरा पांढराफटक! माझा हात धरून कोपऱ्यात नेलं, "अगं, असं कसं म्हणालो मी? मी तर परवाच माझ्या तळ्याच्या करारावर शिक्का मारून आलोय! नवीन गाडी घ्यायची होती मला!" मला म्हणतो, "तू सांगताना काही घोळ तर नाही ना केलास?" मी म्हटलं, "बाबा रे, मी सांगितलं असतं तर अर्धा तास लागला असता!" ते त्यालाही पटलं. बिचारा मुकाट्यानं शहरात गेला, त्या लोकांच्या हातापाया पडला, करार रद्द करून आला. कळलं गावाला. झालं! "स्वतःचं तळं, स्वतःचं भाडं, आणि देवासाठी त्यावर पाणी सोडलं!" त्याच्या दुकानासमोर फटाक्यांच्या माळा. सुपाला रांग. माझे सख्खे बाबा मला म्हणतात, "त्याग कसा असतो ते शीक जरा त्याच्याकडून." म्हणजे लढा माझा, घसा माझा, आणि त्याग कुणाचा? आ-हाइचा! बरं, इतका भला माणूस, की धड रागही धरता येत नाही. मला फुकट सूप आणून दिलं, वर दोन गोळे जास्त!

ते सूप घेऊन मी देवळाच्या पायरीवर बसले होते. लिम आजोबा शेजारी येऊन टेकले. हसले. म्हणाले, "पोरी, अजून जळतेस होय?" म्हटलं, "आजोबा, खरं सांगा, माझ्यात काय कमी आहे? सगळ्या धर्मांच्या दारात जाऊन आले. माझ्या अंगात कुणीच कसं येत नाही?"

म्हातारा माझ्याकडे इतक्या मायेनं बघायला लागला, म्हणाला, "येणार कुठून? आत जागा पाहिजे ना. काठोकाठ तूच भरलीयस."

मी उसळले. म्हटलं, असं कसं, मी मन किती रिकामं केलं होतं, मी तर वर्षभर लसूणसुद्धा... एवढं बोलायला तोंड उघडलं, तर म्हातारा टाळ्या पिटत ओरडला, "आली, आली! बघा हो, हिच्या अंगात हीच आली!"

तोंड वाटीला लावलं. सूप पिऊन टाकलं. चांगलं होतं.