मंडळात दिलेलं नाव

सिनेमा सुटल्यावर परक्या देशात, मरीन परेडच्या बसस्टॉपवर मराठी कानावर पडलं, तशी चैत्राली पुढच्या जोडप्यामागे गुपचूप उभी राहिली.

“छावणीत व्हायोलिन वाजवून तो ज्यू जगला. मग सुटल्यावर हात का नाही लावला त्याला?”

“नसेल लावावासा वाटला.”

“तुमचंही तेच. समुद्री चाच्यांनी पकडलेली तुमची बोट सोडली, तेव्हापासून माउथऑर्गन कपाटात. मंडळाच्या गणपतीत नाव दिलंय मी तुमचं.”

“काढून टाक.”

“अहो, दोनच गाणी!”

“त्या ज्यूला कशासाठी वाजवायला लावायचे, बघितलंस ना?”

“माणसं मारायला नेताना ओरडा ऐकू येऊ नये म्हणून.”

“आमच्या बोटीवरच्या परेशला डेकवर नेलं, तेव्हा मी वाजवत होतो.”

बस आली. दोघांपैकी कुणी हात दाखवला नाही. चैत्रालीनेही नाही.