मिठाचा खडा

बिडी सोडतोयस? सोड, सोड. फक्त आमच्या बाळारामाचं ऐकून ठेव.

पनवेलच्या खाडीवर मिठागरात आम्ही बरोबर राबायचो. त्याची छाती बिघडली, डॉक्टरांनी बिडी बंद केली, तेव्हा त्याला सोबत म्हणून आम्हीही सोडली. तलफ आली की जिभेवर मिठाचा खडा ठेवायचा, असं ठरलं. बाळारामाने पुन्हा बिडीला हात लावला नाही, पण छाती काही सुधारली नाही.

अंथरुणाला खिळल्यावर म्हणाला, "एक झुरका द्या रे. आता काय व्हायचं राह्यलंय?"

"इतकं निभावलंस, आता कशाला?" म्हणत मी त्याच्या जिभेवर खडा ठेवला. त्याच रात्री गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पोरांना सांभाळू म्हटलं, घर शाकारून देऊ म्हटलं, तरी नाही. शेवटी बिडी आणवली. ओढल्याशिवाय ती पेटेना, म्हणून झुरका मीच घेतला आणि ती पिंडाजवळ ठेवली. कावळा लगेच शिवला.

घरी येऊन त्याच्या बायकोला म्हटलं, "वहिनी, बिडी ठेवली तेव्हा शिवला."

ती म्हणाली, "जिता मागत व्हता, तवा तुमी मीठ दिलंत."