निजलेला लॅपटॉप

त्या दिवशी सकाळपासून लई ऊन तापलं व्हतं, वाऱ्याचं नाव न्हाई. सूनबाई कांदा काढाया निघाली अन् मला म्हणाली, "मामा, लॅपटॉपमदी व्हायरस शिरलाय. तपासणी लावलीय. शंभर आकडा आला की हाक मारा. अंगणवाडीच्या नोकरीचा फॉर्म आज पाचच्या आत भरायचाय. तवर बंद मातर करू नका."

मला वाचाया येत न्हाई, पन आकडे कळत्यात. चाळीस झाले अन् काच काळी पडली. म्हटलं, आजारी जीव, डोळा लागला. निजलेल्या आजाऱ्याला उठवू नये, ही आमच्या घरची रीत. मी त्याच्या अंगावर उपरनं घातलं, कोंबड्या हाकलल्या. शेजारचा हमीदभाई दारातून हाका माराया लागला, तर म्हटलं, "हळू बोल राव, निजलाय." तोबी बिचारा चपला हातात घेऊन आत आला अन् गुपचूप बसला.

तीन वाजता सूनबाई आली. तिनं बोट लावलं, काच उजळली. चाळीसच!

"अवो मामा, हे झोपलं की तपासणी थांबती!"

"मग हे सकाळीच सांगायचं, बाई."

त्याम्होरं मी दर घडीला बोटानं त्याला हळूच डिवचत बसलो. "जागा ऱ्हा बाबा, थोडकंच ऱ्हायलंय." पावणेपाचला शंभर झाले, फॉर्म गेला, अन् सूनबाई एकदाची हसली.

हमीदभाई उठता उठता म्हणाला, "दादा, मला ताप आला तर तुमीच या उशाशी बसाया. आमची बायको हलवून हलवून इचारती, झोप लागली का?"