टिपणात न लिहिलेलं पाणी

(अणदूरची प्राथमिक शाळा, १९५८. शाळा सुटली आहे. ईट गावच्या शिक्षिका चारुशीलाबाई इथल्या भीमाशंकर गुरुजींसमोर बसल्या आहेत.)

चारुशीला : न बोलणाऱ्या मुलाला चित्र उचलून मागायला शिकवायचं तुमचं टिपण शब्दन् शब्द पाळलं मी, गुरुजी. तीच चित्रं, तसाच पुठ्ठा. तांब्या, भाकरी, मेंढरू. सहा महिने झाले.

भीमाशंकर : आणि पोरगं एकही चित्र उचलत नाही?

चारुशीला : आधी उचलायचा. आता चित्रं दिसली की तोंड फिरवतो. महारुद्र नाव त्याचं, सात वर्षांचा. ऐकू येतं सगळं, बोलत मात्र नाही. तुमच्या शाळेतल्या अयोध्येसारखाच.

भीमाशंकर : एखाद्याला वेळ लागतो, बाई.

चारुशीला : तुमच्या अयोध्येला तीनच आठवडे लागले ना? शिक्षकांच्या मासिकात छापून आलंय. आमच्या हेडमास्तरांनी तेच मला वाचून दाखवलं आणि पोराचं नाव पटावरून काढलं. त्याच्या आईला, सिताबाईला, सांगायला मीच गेले. म्हटलं, याच्या डोक्यात काही शिरत नाही.

भीमाशंकर : तुम्ही पाणी कधी देत होता त्याला?

चारुशीला : धडा संपल्यावर. टिपणात तसंच आहे की. ‘पाणी व शाबासकी दिली.’

भीमाशंकर : हो. तसंच आहे.

चारुशीला : मग माझं कुठं चुकलं? तेवढं कळावं म्हणून दोन यष्ट्या बदलून आले.

भीमाशंकर : ही बघा, अयोध्येची आई आलीच. गौराबाई.

गौराबाई : पोरीला न्याया आलते, गुरुजी. पावन्या बाई हायत व्हय? बसा, बसा.

चारुशीला : गौराबाई, अयोध्या चित्र दाखवून पाणी मागायला कशी शिकली हो?

गौराबाई : आवं, आदी कुठं शिकत हुती! सकाळच्या पारी चितरं मांडायचे. तिनं उचललं की गुरुजी शाबासकी देत बसायचे, पानी पार शेवटाला. तवर ती इसरून जायाची. म्या म्हनलं, दुपारी बसवा, मेंढरामागनं तहानून आली की. आन् म्या तांब्या घिऊन हितंच दारात हुबी ऱ्हायले. चितर उचललं की लगी पानी, हात खाली यायच्या आत. पर एकच घोट. आनिक पायजे? मग आनिक उचल.

चारुशीला : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

गौराबाई : सांगाय कशाला पायजे? कोकरू हाकंला आलं की तितंच तळहातावर मीठ चाटवायचं. मागनं दिलं तर ते मिठाला येतं, हाकंला न्हाय.

चारुशीला : गुरुजी, यातलं एक अक्षर टिपणात नाही. दुपार नाही, घोट नाही. या बाई नाहीत.

भीमाशंकर : नाहीत.

चारुशीला : विसरलात?

भीमाशंकर : नाही, बाई. पहिल्या खर्ड्यात होतं. मग खोडलं. ट्रेनिंग कॉलेजातली शिकलेली माणसं वाचणार, म्हणतील, मास्तरला मेंढरं राखणाऱ्या बाईनं शिकवलं. तेव्हा त्याची लाज वाटली. आता तुमच्याकडं मान वर करून बघवत नाही मला.

गौराबाई : टिपन म्हंजी काय, गुरुजी?

भीमाशंकर : अयोध्या कशी शिकली ते मी लिहून छापलंय. सगळं मीच केलं असं.

गौराबाई : बरं.

चारुशीला : त्या सिताबाईनं माझ्यासमोर पोराला जवळ ओढलं हो. आणि मी खाली बघून निघून आले.

भीमाशंकर : ते माझ्यामुळं. उद्याच येतो ईटला. हेडमास्तरांना, सिताबाईंना, सगळ्यांना माझ्या तोंडानं सांगतो. त्याचं नाव परत पटावर घ्यायला लावतो. पण त्याला शिकवणं मला एकट्याला जमायचं नाही. गौराबाई, तुम्ही याल का? आठ दिवस?

गौराबाई : यीन की. लेकराचं काम हाय. मेंढरं धनी बघतील. पर गुरुजी, तितं कुणी इचारलं, तर म्या कोन म्हनून सांगायचं?