असुंताचं दुसरं ताट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे मेयर श्री. लुसियें, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या वाइन सहकारी संस्थेचे सभासद, आणि आजचे सत्कारमूर्ती, माझे भावजी, मावळते चेअरमन फुल्क्रान विदाल,

मला पाच मिनिटं दिली आहेत. भावजींच्या गुणांना तेवढी पुरतील.

त्यांनी आपल्या फोझेरच्या लाल वाइनचं नाव मोठं केलं, असं माझ्याआधी तिघे सांगून गेले. खरंच आहे. फक्त त्या नावापुढे यांना माणसं दिसेनाशी झाली, हे सांगायचं त्या तिघांच्या जिवावर आलं असावं. यांच्या टेबलावर प्रत्येक पदार्थाची परीक्षा व्हायची. रानडुकराचा रस्सा पास, मेंढीचं मटण पास. माझी बहीण, म्हणजे यांची बायको, गेली त्या दुपारी शेजारीण डोंगरातल्या शतावरीच्या कोंबांचं ऑम्लेट घेऊन आली, तर भावजींनी बाटली उचलून कपाटात ठेवली. म्हणाले, "शतावरीबरोबर आपली वाइन कडू लागते." ती बिचारी पाणी पिऊन गेली. त्या घरात कडू काय होतं, ते मी तेव्हा बोलले नाही.

मग ओदिलचं, यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. मुलगा सेत बंदरावरचा, सिल्वियो. त्याची आई असुंता, मासेमारांच्या घरातली. जावई भावजींना चालला. चालली नाही ती तिकडची पांढरी वाइन, पिकपूल. "लिंबूपाणी आहे ते. माझ्या मुलीच्या लग्नात लालच वाइन."

ओदिल म्हणाली, "बाबा, लग्न सेतला आहे. तिथे आधी ऑक्टोपस भरलेली पोळी वाढतात. तिच्याबरोबर लाल वाइन लोखंडासारखी लागते. तुम्हीच शिकवलंत मला."

"मग ऑक्टोपस बंद करा."

म्हणजे सेतच्या लोकांनी, सेतच्या धक्क्यावर, स्वतःच्या पोराच्या लग्नात ऑक्टोपस खायचा नाही. चेअरमनसाहेबांना चालत नाही ना.

सेतच्या लोकांनी अर्थातच खाल्ला. पोळी आली, पांढरी वाइन आली. भावजींनी पेला पालथा घातला आणि उठले. असुंता मागे धावली. "व्याही, बसा हो. जेवण अजून व्हायचंय."

"माझं झालं," म्हणाले, आणि गाडी काढून निघून आले. बापाबरोबर नाचायच्या वेळी ओदिल माझ्या नवऱ्याचा हात धरून उभी राहिली. त्याला नाचता येत नाही.

भावजी, पुढचं ताट काय होतं, कधी विचारलंत कोणाला? गोमांसाच्या पातळ कापात लसूण भरून केलेल्या गुंडाळ्या, टोमॅटोच्या दाट रश्शात शिजवलेल्या, खाली मॅकरोनी. शेजारी तुमच्या लाल वाइनच्या बाटल्या, सकाळीच उघडून ठेवलेल्या. कोणत्या सालची तुम्हाला आवडते, ते असुंताने मला फोन करून विचारलं होतं. "आमच्या माशांवर व्याही रुसतील," म्हणाली, "म्हणून दुसरं ताट त्यांच्या वाइनसाठी." तुम्हाला फक्त थोडा वेळ बसायचं होतं.

मी हे त्याच रात्री सांगणार होते. ओदिलने थांबवलं. "नको मावशी. वाइनसाठी आले तर त्यात माझं काय? माझ्यासाठी यायचं असेल तर येतील."

नऊ वर्षं गेली. सेत इथून तासाभरावर. भावजींना तेवढा वेळ मिळाला नाही, कारण ते जपानला गेले होते, कच्च्या माशाबरोबर आपली वाइन कशी शोभते यावर भाषण द्यायला. तिथे ऑक्टोपस चालला. गिऱ्हाइकाचा होता.

या फेब्रुवारीत असुंता गेली. तिला पोचवून आल्यावर ओदिल म्हणाली, "मावशी, आता सांग. बाबांसाठी नको, असुंतासाठी. तिने काय केलं होतं ते लोकांना कळू दे."

म्हणून आज सांगितलं. उद्यापासून भावजींना ऑफिस नाही. ओदिलने त्यांना बोलावलेलं नाही, तसा गैरसमज नको. मी विचारलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आले तर वाढीन. वाइन कोणती, ते विचारायचं नाही."

अध्यक्षमहाराज, तुम्ही मघापासून घड्याळ दाखवताय, ते मला दिसतंय. तरी मला थांबवलं नाहीत, याबद्दल तुमचे आणि आयोजकांचे आभार. तुम्ही सर्वांनी चुळबूळ न करता ऐकलंत, तुमचेही. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. भावजींनी घालू नये. त्यांना लागावं म्हणूनच बोलले.