घरी उभी असलेली गाडी

बसच्या रांगेत माझ्या पुढे टाय लावलेला एक तरुण उभा होता. मागून एक बाई आल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"अरे, तू रांगेत? आणि तुझी ती राजेशाही गाडी?"

"आत्या, हळू बोल. ती घरी विश्रांती घेतेय."

"बिघडली?"

"छे, ती ठणठणीत आहे. बिघडलं ते माझं डोकं. पदवी मिळाली, नोकरी लागली आणि लगेच डोक्यात हवा गेली. जुनी म्हणून स्वस्तात मिळाली, पण नखरे अजून शोरूममधलेच आहेत. नुसता बाजूचा आरसा बदलला, तर महिनाभर डबा घरून न्यावा लागला."

"मग चालवतोस कधी?"

"पगार झाला की. पेट्रोल पंपापर्यंत आणि परत."

"विकून टाक की मेल्या!"

"गिऱ्हाईक आलं होतं. बाबांनी हाकलून लावलं."

"दादानं? घेताना तर तुला वेड्यात काढत होता!"

"आता रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या सीटवर जाऊन बसतात."

"दादा मागे बसतो? जन्मभर साहेबलोकांच्या गाड्या चालवल्या त्यानं!"

"म्हणून तर मला पुढे बसावं लागतं."

"कुठे जाता मग?"

"कुठे जाणार? गाडी दारातच उभी असते. काच खाली करतात, शेजाऱ्यांना हात करतात आणि मला म्हणतात, जरा हळू घे, पुढे वळण आहे."

"मग तू काय करतोस?"

"हळू घेतो."