दिगंबररावांच्या वाटणीचं हसणं

वर्तकनगरच्या लॅबमध्ये निशिगंधा उपाशीपोटी नंबराची वाट बघत बसलेली. मागच्या बाकावर हास्यक्लबच्या दोघी होत्या.

"सुमेधाताई, गुडघ्यापायी मी आठवडाभर क्लबात आले नाय. पण गॅलरीत सगलं ऐकू येतं. आजपण दिगंबरभाऊ हसला. शेवटाला खोकला येतो ना त्याला, तसाच."

"अहो आवडाबाई, आजारी माणसाच्या वाटणीचं शेजारच्याने हसायचं, हे आपणच ठरवलं ना? दिगंबरराव दवाखान्यात गेले, तेव्हापासून आनंदराव त्यांच्या वाटणीचं हसायचे. अगदी हुबेहूब."

"पण दिगंबरभाऊ वारून महिना झाला गो."

"झाला. पण आनंदरावांना थांबा कसं म्हणणार? चाळीस वर्षांची मैत्री. मी थांबलो की तो खरंच गेला, असं म्हणाले मला."

"मना भ्या वाटतं. तू सांग त्याला. म्हणावं, आता पुरे."

आतून निशिगंधाचं नाव पुकारलं. ती उठली नाही.

"सांगितलं, आवडाबाई. रविवारीच सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली."

"मग ऐकत का नाय तो?"

"ऐकलं ना त्यांनी. सोमवारी सकाळीच खडवलीला लेकीकडे गेले. अजून तिकडेच आहेत."

"मग आज कोण हसला?"

"हसताना डोळे मिटायचे, हा आपला नियम आहे ना. मी उघडले नाहीत, आवडाबाई. कोणीच उघडले नाहीत."